धोतऱ्याचे एकच काम

श्रावणी सोमवारी देवळाबाहेर बेलाच्या जुड्यांशेजारी धोतऱ्याची पांढरी फुले आणि काटेरी फळे विकायला असतात, गणपतीच्या पत्रीतही त्याचे पान निघते. एरवी मात्र उकिरड्याच्या कडेला उगवणाऱ्या या झुडपाकडे कुणी फिरकत नाही. तसे हे वांगी, मिरची, टोमॅटो यांच्याच कुळातले. दिवसभर छत्रीसारखी पिळून मिटलेली कळी तिन्हीसांजेला उलगडते आणि फूल रात्री गंध देते, पण पान चुरगळले की जो उग्र दर्प येतो त्यामुळे गुरेही सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. गुरांची ही समज माणसांत असती तर बरे झाले असते.

हायोसायमिन, ॲट्रोपिन आणि स्कोपोलमिन ही धोतऱ्यातील मुख्य द्रव्ये. ती तयार होतात मुळांत आणि तेथून वर चढून पाने, फुले, बिया अशी सर्वांगात पसरतात. धोतऱ्याच्या मुळावर टोमॅटोचे कलम बांधले, तर वर लागलेल्या टोमॅटोतही ही द्रव्ये उतरतात. बिचाऱ्या टोमॅटोचा त्यात काहीही दोष नसतो.

शरीरात गेल्यावर ही द्रव्ये खरे तर एकच काम करतात. लाळ सुटणे, घाम येणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहान होणे, श्वासनलिका आवळणे, हृदयाची गती आवरणे हे सारे मज्जातंतूंच्या टोकांशी स्रवणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या निरोपावर चालते आणि धोतऱ्यातील द्रव्ये तो निरोप घेणाऱ्या जागाच अडवून बसतात. मग तोंडाला कोरड पडते, घाम थांबल्याने अंग तापते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावते, लघवी तुंबते. आणि मेंदूतही हाच अडसर पडला की माणूस असंबद्ध बडबडू लागतो, पांघरुणातून नसलेले धागे ओढत बसतो.

चोरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात धोतरा खाऊ घालून चोरी केल्याची हकिगत आहे. वाटसरूंना अन्नातून धोतरा चारून लुटण्याचे प्रकार तर इतके चालत, की धोतऱ्याचे बी आणि त्याच्यासारखेच दिसणारे मिरचीचे बी यांतला फरक न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्याला आजही शिकवतात. मिरचीचे बी पातळ, फिकट पिवळे आणि गुळगुळीत असते. धोतऱ्याचे जाड, तपकिरी, बारीक खळगे असलेले आणि चवीला कडू. दोन्ही उभी कापली, तर मिरचीच्या बीमधला गर्भ आत वळलेला दिसतो आणि धोतऱ्याच्या बीमधला टोकाशी बाहेर वळलेला.

पण श्वासनलिका आवळण्याचा निरोपच अडला की दम्याच्या रोग्याला मोकळा श्वास मिळतो. आपल्याकडच्या वैद्यांना हा गुण ठाऊक होता. दम्यावरच्या कनकासव या आयुर्वेदिक औषधात धोतराच असतो. धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेहून इंग्लंडला गेला आणि पुढे दम्यासाठी चक्क सिगारेटी निघाल्या. अडचण मापाची होती. झाड, जमीन, हंगाम, इतकेच काय, पानाचे वय बदलले तरी द्रव्याचे प्रमाण बदलते, त्यामुळे काल ज्या चिमटीने आराम पडला तीच आज भ्रम आणू शकते. झाडपाल्याने अपाय होत नाही असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी निदान धोतऱ्याचे नाव घेऊ नये. रसायनशास्त्रज्ञांनी पुढे ॲट्रोपिनच्या सांगाड्यातील नायट्रोजनला एक जादा गट जोडून त्याच्यावर कायमचा धनभार ठेवला. असा रेणू रक्तात फारसा शिरत नाही आणि मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही; त्याचे काम श्वासनलिकेतच आटोपते. इप्राट्रोपियम या नावाने तो आज इनहेलरमधून दिला जातो.

मेंदूवरचा परिणामही कुणी कामी लावला. जपानमधील शल्यविशारद हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये धोतरा आणि बचनाग असलेला काढा पाजून रोग्याला भूल दिली आणि स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक व्हायला तेव्हा अजून बेचाळीस वर्षे होती.

मला स्वतःला या द्रव्याचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो मात्र शेतातला. कापसावर फवारायची अनेक कीटकनाशके ऑर्गनोफॉस्फेट गटातली असतात. ती ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला निकामी करतात. मग धोतऱ्याच्या नेमके उलट घडते, म्हणजे लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि फुप्फुसे स्रावांनी भरून माणूस गुदमरतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे फार जुने नाही. ऑर्गनोफॉस्फेटच्या अशा रुग्णाला पहिल्यांदा टोचतात ते ॲट्रोपिन. औषधासाठी ते बहुधा धोतऱ्याच्या भाऊबंद वनस्पतींतून काढतात, पण द्रव्य तेच. एरवी ज्याची एवढीशी मात्रा पुरते, ते येथे डॉक्टर दर काही मिनिटांनी वाढवत नेतात. बाहुल्या किती मोठ्या झाल्या यापेक्षा छातीतली घरघर थांबली का, याकडे त्यांचे लक्ष असते.