बासष्ट : जजच्या मागे कोण होतं?

४ ऑक्टोबर

आजची तारीख आली की न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाच्या चाहत्यांत ॲरन जजच्या २०२२ मधल्या बासष्टाव्या होमरनचा (भिंतीपलीकडे मारलेल्या चेंडूचा) विषय निघतो. आणि निघाला की थोड्याच वेळात गाडी बॅरी बाँड्सवर घसरते: त्याचे २००१ च्या एका हंगामातले ७३ खरे धरायचे की नाही, मार्क मॅग्वायरचे ७० आणि ६५ धरायचे की नाही, सॅमी सोसाने तीनदा साठी ओलांडली तिचं काय करायचं. मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड्स घेतल्याची कबुली दिली, त्यामुळे हा वाद मिटण्यातला नाही. माझं मत सरळ आहे. मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी हे तिघेही नॅशनल लीगचे, अधिकृत विक्रम ७३ चा, आणि जजचे ६२ हा दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगचा विक्रम. बाँड्सला खाली ओढल्याशिवाय ६२ मोठे ठरत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०२२ चा हंगाम नीट पाहिलेला नाही.

त्या वर्षी चेंडू दूर जातच नव्हता. तिसांच्या तीस मैदानांवर चेंडू ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ठरावीक दमटपणाच्या कपाटात, ठेवायला सुरुवात झाली आणि चेंडूला हवेचा अडथळाही जास्त होत होता. २०१९ मध्ये दोन्ही लीग मिळून ६,७७६ होमरन झाले होते, २०२२ मध्ये ५,२१५. फलंदाजीची एकूण सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटके) .२४३ वर आली, १९६८ नंतरची सगळ्यात कमी. अशा वर्षी जज ६२ वर आणि दुसऱ्या क्रमांकावरचा काइल श्वार्बर ४६ वर. अमेरिकन लीगपुरतं बोलायचं तर दुसरा माइक ट्राउट, ४०. हे अंतर मला ६२ या आकड्यापेक्षाही मोठं वाटतं.

'न्यूयॉर्कचं मैदान लहान, म्हणून झाले' हा आक्षेप तर पहिल्यांदा काढून टाकावा. तिथली जवळची भिंत उजवीकडची, कोपऱ्यात ३१४ फुटांवर. तिचा फायदा डावखुऱ्याला. जज उजव्या हाताने खेळतो. त्याचे घरच्या मैदानावर ३० आणि बाहेर ३२.

माझ्या मते खरा मुद्दा फलंदाजीच्या क्रमाचा आहे, आणि त्याच्याकडे फार कमी लोक बघतात. बेब रुथने १९२७ मध्ये ६० मारले तेव्हा त्याच्या मागे लू गेरिग होता, त्या वर्षी ४७ होमरन. रॉजर मॅरिसने १९६१ मध्ये ६१ मारले तेव्हा मागे मिकी मँटल, ५४. मॅरिसला सोडून मँटलशी गाठ घालून घ्यायला कोण तयार होणार? म्हणूनच त्या संपूर्ण हंगामात मॅरिसला जाणूनबुजून दिलेले वॉक (मारू न देता फुकट पहिल्या बेसवर सोडणं) किती? शून्य. २०२२ मध्ये यँकीजमध्ये जजनंतर सर्वाधिक होमरन अँथनी रिझोचे, ३२. मग जियानकार्लो स्टँटनचे ३१. जजला जाणूनबुजून दिलेले वॉक १९, सगळे मिळून १११. म्हणजे मारण्याजोगा चेंडूच मुळात कमी, आणि त्यातून ६२.

सप्टेंबरचा शेवट आठवा. २० तारखेला पिट्सबर्गविरुद्ध नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगच्या सुरुवातीला साठावा. तेव्हा यँकीज ८-४ ने मागे होते. त्याच इनिंगमध्ये स्टँटनने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा चार धावांचा होमरन) मारून ९-८ ने सामना काढला. त्यानंतर जजचा होमरनच येईना. २७ तारखेला टोरंटोत तर चार वेळा वॉक. अशा दिवसांत बॅटर हमखास फसतो तो इथे: चांगला चेंडू मिळत नाही म्हणून वाईट चेंडूवर बॅट घालतो, मग पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणखी बाहेर टाकतो. जजने तसं केलं नाही, चार वेळा शांतपणे पहिल्या बेसवर गेला. मॅनेजर ॲरन बून त्याला पहिल्या क्रमांकावर पाठवत होता, त्यामागे साधा हिशेब आहे. क्रमात एक जागा वर सरकलं की १६२ सामन्यांत साधारण १८ वेळा जास्त फलंदाजी मिळते. शेवटच्या दोन आठवड्यांत त्यातून एखाद-दुसरीच वाढते, पण हवा होता तोही एखाद-दुसराच.

२८ सप्टेंबरला टोरंटोत टिम मेझाच्या चेंडूवर एकसष्टावा आणि ४ ऑक्टोबरला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला, डबलहेडरच्या (एकाच दिवशीच्या दोन सामन्यांच्या) दुसऱ्या सामन्यात, पहिल्याच इनिंगमध्ये हेसुस टिनोकोच्या चेंडूवर बासष्टावा. हे दोन शेजारी ठेवून पाहा. एकसष्टाव्याला चेंडू बॅटवरून सुटला ताशी ११७.४ मैलांनी, सपाट, भिंतीवरून थेट टोरंटोच्या बुलपेनमध्ये (राखीव पिचर तयारी करतात त्या जागेत), ३९४ फूट. बासष्टाव्याला वेग फक्त १००.२, पण उंच, ३९१ फूट. सतरा मैलांचा फरक आणि अंतरात तीन फूट! कमी कोनातला चेंडू कितीही जोरात असला तरी लवकर खाली येतो. पुरेशी उंची मिळाली तर शंभराचा वेगही भागतो. मात्र दिशा लागते. आर्लिंग्टनला मध्यभागी भिंत ४०७ फुटांवर आहे, म्हणजे हाच फटका सरळ गेला असता तर झेल होता. १-१ वर (एक बाहेरचा चेंडू, एक स्ट्राइक) ८८ मैलांचा स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा चेंडू, आला, जजने तो डावीकडे ओढला आणि तिकडे जागा भरपूर होती. 'बासष्टावा तसा साधाच होता' असं कुणी म्हटलं की मला हेच सांगावंसं वाटतं: वेग कमी असताना उंची आणि दिशा दोन्ही बरोबर जमवणं साधं नसतं.

१५४ सामन्यांचा जुना वादही मिटवून टाकू. रुथच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा, १९६१ पासून १६२ चा. म्हणून बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी मॅरिसचा विक्रम वेगळा नोंदवायचं ठरवलं. ही वेगळी नोंद १९९१ मध्ये रद्द झाली. १५४ सामन्यांनंतर मॅरिस ५९ वर होता आणि जज ६० वर, म्हणजे रुथच्या बरोबरीने. जुन्या मापानेही जज कमी पडत नाही.

हळहळ वाटते ती एकाच गोष्टीची, सरासरीची. होमरन आणि १३१ आरबीआय (आपल्या फलंदाजीने मिळवून दिलेल्या धावा) या दोन्हींत जज अमेरिकन लीगमध्ये पहिला, पण सरासरीत लुईस अराएझ .३१६ आणि जज .३११. पाच हजारांशांनी ट्रिपल क्राउन, म्हणजे तिन्हींत पहिला येण्याचा मान, गेला.

पुढे २०२४ मध्ये यँकीजमध्ये हुआन सोटो हा बॅटर आला आणि क्रमाचं गणितच बदललं. सोटो जजच्या मागे नव्हे, पुढे खेळायचा. १४ ऑगस्टला शिकागोत आठव्या इनिंगमध्ये व्हाइट सॉक्सने सोटोला जाणूनबुजून वॉक दिला आणि जजला समोर घेतलं. ३-० वर (तीन बाहेरचे चेंडू, एकही स्ट्राइक नाही) चॅड कूलने चेंडू टाकला आणि तीन धावा एका फटक्यात आल्या. तो जजचा तीनशेवा होमरन, ९५५ व्या सामन्यात. त्याआधी सर्वांत कमी सामन्यांत तीनशे गाठणाऱ्या राल्फ काइनरला १,०८७ लागले होते.