तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ड घातलं, पण लॅपटॉपला पत्ताच नाही

"जुन्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये कार्ड घातलं, काहीच होत नाही. कुठला ड्रायव्हर टाकू?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. कार्ड म्हणजे वायफायसारखी सोय जोडायला लॅपटॉपच्या कडेच्या फटीत सरकवायचं पीसी कार्ड किंवा एक्सप्रेसकार्ड; ड्रायव्हर म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर. माझं उत्तर ठरलेलं: ड्रायव्हरच्या मागे इतक्यात लागू नका.

कार्ड न दिसणं आणि दिसूनही न चालणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा ठेवून कार्ड घाला. पिवळ्या खुणेची का होईना, नवी ओळ उमटली तर कार्ड पोहोचलंय. मग खुशाल ड्रायव्हर शोधा. यादी जागची हललीच नाही, तर आधी स्लॉटचा स्वतःचा कंट्रोलर (स्लॉट सांभाळणारी चिप) त्यात धडपणे दिसतोय का ते बघा. तो ठीक असेल, तर कार्डाचे ड्रायव्हर कितीही टाका, व्यर्थ आहे.

आता लॅपटॉप बंद करा, बॅटरी काढा आणि टॉर्चने स्लॉटच्या आत बघा. पीसी कार्डच्या स्लॉटमध्ये ६८ पिना असतात, पण सगळ्या एका उंचीच्या नसतात. वीज आणि ग्राउंडच्या सर्वांत लांब, सिग्नलच्या मधल्या, आणि 'कार्ड आलंय' हे सांगणाऱ्या दोन सर्वांत आखूड. या दोन, म्हणजे ३६ आणि ६७ क्रमांकाच्या, मुद्दाम दोन टोकांना ठेवल्या आहेत. कार्ड किंचित तिरकं बसलं की एक टेकते, दुसरी टेकत नाही, आणि लॅपटॉपच्या लेखी स्लॉट रिकामाच. वाकलेली पिन असेल तर तीही इथेच सापडते.

मग कार्डाची जात बघा. कडेला उंचवट्यांची सोनेरी पट्टी असेल तर ते ३२ बिटांचं कार्डबस, म्हणजे पीसी कार्डाचा नंतरचा, वेगवान प्रकार; जुन्या १६ बिटांच्या स्लॉटमध्ये ते पूर्ण आत जात नाही, आणि जाऊ नये म्हणूनच तशी खाच केलेली असते. जोर लावू नका. एक्सप्रेसकार्ड तर वेगळंच प्रकरण, २६ संपर्कांचं. त्याचा ५४ मिलिमीटरचा प्रकार पीसी कार्डाइतकाच रुंद असल्याने लोक हमखास फसतात. शिवाय काही एक्सप्रेसकार्डं आतून यूएसबीच असतात. ती यादीत यूएसबीखाली शोधा. चालू लॅपटॉपमध्ये घातल्यावर दिसत नसेल, तर कार्ड आत ठेवून एकदा सुरू करून बघा.

नोंद दिसते पण 'कोड १२' येतो? म्हणजे कार्डाला द्यायला संसाधनं (लॅपटॉपच्या आतल्या मोजक्या राखीव जागा आणि मार्ग) उरलेली नाहीत. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन न लागणारे सिरियल, पॅरलल, इन्फ्रारेड पोर्ट बंद करा. १६ बिटांच्या कार्डांना या उपायाने बऱ्याचदा गुण येतो.

सगळं जमलं, तरी वायफाय लागत नाही? सुरुवातीच्या ८०२.११बी (वायफायचा जुना प्रकार) कार्डांपैकी बरीचशी फक्त डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा पद्धत जाणतात. डब्ल्यूपीए२ ही नंतरची पद्धत मागणाऱ्या राउटरपुढे त्यांचं काही चालत नाही, आणि त्यात स्लॉटचा काही दोष नाही.