भेगांतून उतरलेली निळाई

इंदूरजवळच्या एका शेतात जूनअखेरीस घालवलेला दिवस माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पहिल्या दोन जोरदार सरी होऊन गेल्या होत्या, तरी सोयाबीनच्या पेरणीला काका तयार नव्हते. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घराण्यातले ते शेतकरी. "अगं, वीतभर खाली माती कोरडीठाक आहे आणि विहिरीची पायरी मात्र बुडाली. मातीला न भिजवता हे पाणी खाली गेलं कसं?" असे त्यांनी विचारले होते. भूजलाच्या कामात इतकी वर्षे घालवूनही याचे उत्तर मी कोणाला डोळ्यांनी दाखवू शकले नव्हते.

म्हणून आदल्या संध्याकाळी मीटरभर लांबी-रुंदीच्या जागेवर आम्ही झारीने निळ्या खाद्यरंगाचे पाणी सगळीकडे सारखे शिंपडले आणि सकाळी कडेने चर खणून उभी भिंत खुरपीने हळूहळू तासायला घेतली. काळ्या मातीत निळा रंग उठून दिसणार नाही, अशी मला धास्ती होती. पण तिरप्या उन्हात ती भिंत उजळली, तेव्हा आम्ही दोघेही बोलायचे थांबलो. वरच्या चार बोटांच्या थराखाली निळाई सलग कुठेच नव्हती. ती भेगांच्या कडांवरून दोऱ्यासारखी ओघळत थेट कमरेइतक्या खोलीवरच्या मुरमापर्यंत पोहोचली होती, आणि दोन भेगांमधले ढेकूळ फोडले तर आत राखी, कोरडी माती. पाणी वरून खाली थराथराने भिजवत जाते, हे पाठ्यपुस्तकातले चित्र मीही कितीतरी वर्षे विद्यार्थ्यांसमोर काढत आले आहे.

काळ्या मातीतली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते म्हणून भेगा पडतात, आणि ती ओल धरून फुगली की त्या मिटतात. पहिल्या सरींना मात्र त्या उघड्याच सापडतात. काकांची विहीर इतर वाटांनीही भरत असेल, पण निदान ही एक वाट आता समोर होती.

त्या ढेकळातल्या ओलाव्याचे काय होते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. ओरेगनमधल्या एका जंगलात केलेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की कोरड्या उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसाचे पाणी मातीच्या बारीक छिद्रांत अडकून राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात झाडे तेच पितात, तर ओढ्याला मिळणारे पाणी निराळे असते. पाण्यातील जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन, म्हणजे याच मूलद्रव्यांचे वजनाने जास्त असलेले अणू, यांच्या प्रमाणावरून ही ओळख पटते, कारण बाष्पीभवनात हलके रेणू आधी निघून जातात. 2015 साली जगातील 47 ठिकाणच्या मोजमापांतही असाच वेगळेपणा दिसला. पुढे 2020 मध्ये मात्र, फांदीतून पाणी काढण्याच्या निर्वात पद्धतीमुळेच हायड्रोजनचे प्रमाण चुकू शकते, असे दाखवले गेले. त्यामुळे दोन पाण्यांचे हे चित्र आकर्षक असले तरी मी ते सावधपणेच मांडते. शिवाय भेगेच्या गुळगुळीत कडेला चिकटून वाढलेली कडुनिंबाची चपटी मुळे त्याच सकाळी मी पाहिली होती, आणि त्यांना दोन्ही पाणी हाताशी होते.

रंग न टाकलेल्या जागेतून आम्ही ढेकळाच्या आतली माती, भेगेतला चिखल, कडुनिंबाची सालीसकट डहाळी असे नमुने काचेच्या कुप्यांत भरले आणि वाफ उडू नये म्हणून झाकणांभोवती पट्टी गुंडाळली. शेवटची कुपी विहिरीच्या पाण्याची. ती काकांनीच बादली सोडून भरली, उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि माझ्या हाती देताना म्हणाले, "यात निळं काही नाही गं."

"नसणारच, काका. रंग चिकणमातीला धरून बसतो. पाणी पुढे जातं."

संध्याकाळी आम्ही चर बुजवला. तिसरी सर रात्री आली.