विनी मास यांच्या इमारतींच्या शोधात: रॉटरडॅम आणि आसपास

हडपसरच्या अमनोरातले फ्यूचर टॉवर्स बऱ्याच पुणेकरांनी बाहेरून तरी पाहिले असतील. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या, १,०६८ घरांच्या या संकुलाचा आराखडा रॉटरडॅमच्या एमव्हीआरडीव्ही या वास्तुरचना कार्यालयाचा आहे. विनी मास, याकोब फान राइस आणि नाताली दे व्रीस या तिघा डच वास्तुकारांनी ते १९९३ मध्ये सुरू केलं. लहान घरं आणि प्रशस्त घरं एकाच इमारतीत मिसळायची, म्हणजे वेगवेगळ्या ऐपतीची कुटुंबं शेजारी राहतील, हा त्यामागचा विचार आम्हाला फार आवडला होता. त्यातले मास स्वतःच्या देशात काय करतात ते बघायचं, म्हणून नेदरलँड्सच्या प्रवासात अ‍ॅमस्टरडॅमचे दिवस कमी केले आणि मुक्काम रॉटरडॅमला ठेवला. ज्यांना इमारतींची आवड आहे त्यांनी बिनधास्त असंच करावं.

निघण्याआधीचं एक काम आधी सांगतो. तिथे रेल्वे, मेट्रो, ट्राम, बस सगळीकडे बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून प्रवास करता येतो. पण आपल्या कार्डांवर परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून भारतातच सुरू करून घ्या. दोघांत एक कार्ड चालत नाही, माणशी वेगळं लागतं. उतरतानाही टेकवायला विसरू नका, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. स्खिपोल विमानतळाच्या पोटातूनच रॉटरडॅमची गाडी सुटते आणि जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते.

मास यांचा जन्म १९५९ चा, गाव स्खाइंडल. आधी ते उद्यानं आणि भूदृश्य (लँडस्केप) यांचं शिक्षण घेतलेले, मग डेल्फ्टला वास्तुकला आणि नगररचना शिकले. हा क्रम लक्षात ठेवला की त्यांच्या इमारती उलगडतात. जमीन कमी, माणसं खूप, मग जमीनच एकावर एक रचायची: हॅनोव्हरच्या २००० सालच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी डच दालन असंच उभं केलं, मधल्या मजल्यावर खरं जंगल आणि छपरावर पवनचक्क्या. दाटी ही त्यांना अडचण वाटत नाही. दाटीत राहूनही मोकळीक कशी मिळेल, आणि अनोळखी माणसाला आत कसं येता येईल, हे ते शोधत असतात. मला त्यांच्या कामात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

मार्कतहाल, म्हणजे बाजारघर, रॉटरडॅमच्या ब्लाक स्थानकाच्या दारातच आहे. ४० मीटर उंच कमान, कमानीच्या जाडीत २२८ घरं, पोकळीत बाजार. काही घरांच्या खिडक्यांतून थेट बाजार दिसतो. आतल्या छतावर फळं, मासे, फुलं यांचं अवाढव्य चित्र आहे. २०१४ मध्ये उघडला तेव्हा ताज्या भाजी-मासळीचा बाजार ही कल्पना होती, आज मात्र तयार खाण्याचे गाळे फार झालेत आणि ते महागही आहेत. म्हणून मंगळवारी किंवा शनिवारी जा. त्या दिवशी समोरच्या बिनेनरोटे चौकात उघडा बाजार भरतो, खरी गर्दी आणि स्वस्त फळं तिथे. वाहनतळाच्या जिन्याने खाली उतरायला चुकू नका. पाया खणताना सापडलेल्या जुन्या वस्तू तिथे काचेमागे मांडल्यात, एकेक मजला उतरावं तसा काळ मागे जातो. समोरची पिवळी तिरकी घनघरं मास यांची नव्हेत, ती पीट ब्लोम यांची, १९८४ ची.

हे शहर इतकं नवं का, तर १४ मे १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात जुनं मध्यवर्ती शहर जवळजवळ सगळं गेलं. त्यामुळे इथल्या लोकांना नव्याची भीती वाटत नाही.

आता डेपो. बॉयमन्स फान ब्यूनिंगेन संग्रहालयाचं हे कोठार २०२१ मध्ये लोकांसाठी उघडलं, आणि माझ्या मते मास यांचं आजवरचं सर्वोत्तम काम हेच. बाहेरून आरसे जडवलेला भलामोठा वाडगा: तळाशी निमुळता, वर रुंद, म्हणजे बागेची जागा कमीत कमी जावी. आत १,५१,००० वस्तू. एरवी संग्रहालयं आपल्या ठेव्यातला अगदी थोडा भाग दाखवतात, बाकी कुलुपात. इथे कुलूपच काढून टाकलंय. वस्तू काळानुसार वा शैलीनुसार लावलेल्या नाहीत, त्यांना मानवणाऱ्या हवामानानुसार लावल्यात: धातूंचं दालन वेगळं, प्लास्टिकचं वेगळं, रंगीत छायाचित्रांचं वेगळं. त्यामुळे शतकांचं अंतर असलेल्या वस्तू शेजारी येतात. मधल्या चौकात एकमेकांना छेदत जाणारे जिने आहेत, काचेतून डागडुजी करणारे लोक कामात दिसतात. चित्रांच्या पाठी बघायला मिळाल्या, जुनी लेबलं, खिळे, ठिगळं, याचा आनंद काही वेगळाच होता.

तिकीट वेळेसह ऑनलाइन काढा. सोमवारी बंद असतं. मोठ्या पिशव्या लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. काही दालनांत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, तेव्हा आत शिरल्या शिरल्या त्याची चौकशी करा. शेवटी गच्चीवर जा, बर्चच्या झाडांत बसायला मिळतं, पण वारा झोंबतो, उन्हाळ्यातही जाकीट हवंच. किमान तीन तास हाताशी ठेवा.

जेवणासाठी मुख्य स्थानकाजवळची वेस्ट-क्राउसकाडे ही गल्ली. सूरीनामी रोटी मागा, बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी घातलेली. उत्तर प्रदेश-बिहारमधून गिरमिटिया म्हणून सूरीनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत गेलेल्यांच्या वंशजांनी ती इथे आणली. शाकाहारी असाल तर अंडं नको म्हणून आधीच सांगा.

रॉटरडॅमजवळच्या स्पाइकेनिसे या गावाला मेट्रोच्या सी किंवा डी मार्गाने जा, स्पाइकेनिसे सेंट्रुमला उतरा. तिथलं २०१२ चं वाचनालय म्हणजे काचेच्या छपराखाली पुस्तकांचा डोंगर, वाट वळत वळत माथ्यापर्यंत जाते. उन्हाने पुस्तकं खराब होणार नाहीत का? वास्तुकारांचं उत्तर असं की घरोघरी फिरणारं पुस्तक तसंही चार वर्षांत झिजतं. मला हे पटलं. वाचनालय गावातल्या साध्या माणसांचं आहे, आवाज हळू ठेवा, माणसांचे फोटो काढू नका.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये असाल तर ऑस्डॉर्पमधलं वोझोको (१९९७) बाहेरून पाहा. ज्येष्ठांसाठी १०० घरं हवी होती, पण उजेडाचे नियम पाळून ठोकळ्यात ८७ च बसत होती. उरलेली १३ उत्तरेच्या भिंतीला अधांतरी लावली! लोक तिथे राहतात, आवारात शिरू नये.

सगळंच साधलेलं नाही. २०२१ मध्ये लंडनच्या मार्बल आर्चजवळ उभारलेलं हिरवं टेकाड फार वाईट फसलं, उघडल्यावर लगेच बंद करावं लागलं. झाडं वाढायला वेळ लागतो, हे भूदृश्य शिकलेल्या माणसाला कळायला हवं होतं, असं मला वाटतं.

स्खाइंडल शेवटी ठेवा, आणि हाताशी अख्खा दिवस असेल तरच जा. महायुद्धात चौकात पडलेली मोकळी जागा भरा, असं मास १९८० पासून गावाला सुचवत होते. एकामागून एक प्रस्ताव गेले, २०१३ च्या सुरुवातीला इमारत उभी राहिली. सगळी काचेची, आणि काचेवर त्या भागातल्या जुन्या शेतघरांची छायाचित्रं छापलेली, खऱ्याहून १.६ पट मोठी. त्यामुळे दारासमोर उभं राहिलं की आपण लहान होतो. आत दुकानं आहेत, चहा-कॉफी मिळते, तिकीट नाही. गावाला रेल्वे नाही: डेन बॉसपर्यंत गाडीने आणि पुढे बसने. रविवारी बस कमी असतात, परतीची वेळ थांब्यावर उतरतानाच पाहून घ्या.