नॉर्मची सवय, रॉयचा हात

मशीनचं बटण दाबायच्या आधी हात आपोआप गॉगलकडे जातो. ही सवय मला लावली नॉर्म एब्रामने, म्हणजे ज्या माणसाला मी फक्त स्क्रीनवर बघितलंय त्याने. अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक टीव्हीवर त्याचा सुतारकामाचा कार्यक्रम 'द न्यू यँकी वर्कशॉप' १९८९ ते २००९ चालला, चौकड्यांचा शर्ट, दाढी, आणि सेफ्टी ग्लासेस घाला हे सांगणं कधी चुकायचं नाही. मला ते फार भावतं, कारण तो उपचार म्हणून बोलतोय असं कधी वाटायचंच नाही, खरंच काळजीने सांगायचा.

आज दिवसभर काम करताना हेच डोक्यात होतं. त्याच्यावर आक्षेप घेणारे म्हणतात की एवढी मशीन्स असली तर कुणीही करेल, आणि मशीन्स भरपूर होती हे खरंच आहे. पण मला वाटतं त्याच्याकडून लोकांनी मशीनपेक्षा कामाचा क्रम जास्त उचलला. तो वस्तू आधी एकदा करून बघायचा, नमुना म्हणून, आणि मग कॅमेऱ्यासमोर दुसरी. सारख्या मापाचे तुकडे असतील तर टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून पातं वर येणाऱ्या विजेच्या करवतीचं, फेन्स (माप धरून ठेवणारी पट्टी) एकदा लावायचं आणि सगळे एकदमच कापून घ्यायचे. ग्लू लावायच्या आधी सगळं कोरडंच जोडून बघायचं. घरी हौसेने लाकूडकाम करणारे कितीतरी जण आज हे सगळं करतात आणि आपण हे कुठून शिकलो ते त्यांच्या लक्षातही नसतं.

आणि मग रॉय अंडरहिल. कॅप, गॅलस, बोलता बोलता धापा टाकणारा. 'द वुडराइट्स शॉप' १९७९ मधे नॉर्थ कॅरोलिनातल्या पब्लिक टीव्हीवर सुरू झाला, विजेचं एकही हत्यार नाही, करवत, रंधा, पटाशी, पायाने चालवायचा लेथ, बस. शूटिंग जवळजवळ सलग चालायचं त्यामुळे घाम दिसायचा, दम लागलेला ऐकू यायचा, कधी बोट कापलं तर तेही दिसायचं. मला याचं मोल फार वाटतं, कारण कापून जोडलेल्या व्हिडिओत कामाला किती वेळ आणि किती जोर लागतो ते कळतच नाही, रॉयकडे बघताना आपले खांदे दुखायला लागतात! हातहत्यारांकडे लोक पुन्हा वळले त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

लोक नॉर्मवाले आणि रॉयवाले अशी विभागणी करतात, मला ती पटत नाही. आज कूस काढत होतो, म्हणजे एका फळीच्या टोकाला दुसरीच्या भोकात बसणारी जीभ. आधी फळ्या मशीनवर एका मापात आणल्या, ते नॉर्मचं. मग खांद्याची, म्हणजे कूस जिथून सुरू होते त्या कडेची, रेघ पेन्सिलीने न मारता गुण्या (काटकोनी पट्टी) धरून सुरीने मारली आणि टाकायच्या बाजूने पटाशीने तिरकी ढलपी काढली, म्हणजे रेघेला लागून एक छोटी घळ तयार होते, करवतीचं पातं तिथे बसलं की इकडेतिकडे सरकतच नाही, आणि कापून झाल्यावर खांदा असा स्वच्छ येतो की सांध्यात फट शोधूनही सापडत नाही. हे रॉयचं घराणं. एकाच सांध्यात दोघं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही भांडण नाही.

एक मात्र मनापासून वाटतं, या दोघांनी सुतारकामाला आब दिला, म्हणजे हे शिकण्यासारखं आहे, यात डोकं लागतं, हे लाखो घरांत अर्ध्या अर्ध्या तासात पोचवलं, आणि तेही आवाज न चढवता.

आता ड्रॉवर राहिलाय. तळाची खाच मशीनवर पाडणार, पुढचे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकणारे सांधे, मात्र हातानेच करायचेत, आधी टाकाऊ तुकड्यावर एक अख्खा कोपरा करून बघणार आणि तो घट्ट बसला तरच चांगल्या फळीला करवत लावणार.