खामच्या काठाने, उलट्या दिशेने

छत्रपती संभाजीनगरात पाहुणे येतात ते वेरूळ-अजिंठ्यासाठी. खाम नदी बघायला कुणी येत नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं ते याच नदीकाठी. जटवाड्याच्या डोंगरातून निघून हर्सूल तलाव, शहर आणि पुढे थेट जायकवाडी धरणाचा नाथसागर असा तिचा प्रवास. आज शहरातले निम्मे लोक तिला नालाच म्हणतात.

आपण प्रवाहाच्या उलट जाऊ, सुरुवात लोखंडी पुलापासून करा. २०२१ पासून इथे नदी साफ करायचं काम सुरू झालं आणि काठावर इको पार्क उभं राहिलं. या कामाला शहरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रॉस सेंटर पुरस्काराच्या २०२३-२४ च्या अंतिम फेरीत जागा मिळाली होती. मला इथलं जास्त आवडलं ते हे, की हरवलेल्या नदीची नुसती आठवण मांडलेली नाही, नदीलाच पुन्हा समोर आणलंय. दगडांच्या फटींतून गवत वर आलंय, तिथे घटकाभर बसाच.

तिथून पाणचक्की. डोंगरातलं पाणी खापरी नळांतून उंच भिंतीवर चढवलं जायचं, तिथून खाली हौदात कोसळायचं आणि जातं फिरायचं. बाबा शाह मुसाफिर दर्ग्यातल्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ त्यावरच दळलं जाई. हौद कडेने बघून परत फिरू नका, पायऱ्या उतरून खालच्या दालनात जा. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत आहे. एवढ्या पाण्याचं ओझं शतकानुशतकं पेलणारं ते बांधकाम बघून माझा तर पाय निघेना.

शेवटी बीबी का मकबरा. दारावरच्या पितळी पत्र्यावर वेलबुट्टी आहे, वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावंही. मधल्या वाटेवर लांबट हौद आणि ६१ कारंजी. कारंजी कोरडी असली की ही बाग अर्धीच कळते, म्हणूनच मकबरा शेवटी ठेवा. पाणी डोक्यात घेऊन आलात तर रिकामे हौदही बोलतात.

भाद्रपद-आश्विनात या, तेव्हा नदीला पाणी असतं. उन्हाळ्यात वास येतो, ऊनही सोसवत नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून लोखंडी पुलापर्यंत रिक्षा करा, पुढच्या दोन्ही टप्प्यांनाही रिक्षा मिळते. भाडं आधी ठरवून घ्या, पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि सकाळी लवकर निघा.