आमची वाटचाल : काटा, परखी आणि पट्टी

लातूरच्या आडत बाजारात वडिलांनी दुकान थाटले, तेव्हा मालाचा ओलावा दाणा दाताखाली फोडून ठरत असे. पुढे तूर-हरभऱ्याच्या जोडीला सोयाबीन आले, ओलावा मोजणारे मीटर आले, इलेक्ट्रॉनिक काटे आले. ती वर्षे सुरळीत गेली.

२०२१ साल तसे गेले नाही. ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेले, केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्यातच सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातले पीक पाण्यात राहिले. समोरच्या गाळ्यातील व्यापाऱ्याने तेव्हा मीटर न लावता क्विंटलमागे दोनशे रुपये जास्त पुकारले आणि आमचे बरेच शेतकरी तिकडे वळले. कट, म्हणजे ओलाव्यापोटी वजनातली कपात, किती लागला, हे त्यांना पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, हातात पडल्यावरच समजले. दहा टक्क्यांवरील ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे किलोभर कट आम्ही सौद्याआधीच सांगत होतो, तरी ‘कडक’ आम्हीच ठरलो.

खरा घाव प्रक्रिया कारखान्याने घातला. चढ्या भावाच्या सौद्यातील आमच्या गाड्या फाटकावर अडल्या आणि आमच्याकडे दहा टक्के भरलेला ओलावा तिथे चौदा निघाला. भाव पडला की मॉइश्चर वाढते, हे बाजारात कोणाला ठाऊक नाही? पेमेंट अडकले, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा संपली आणि पट्ट्या चुकत्या करण्यासाठी घरातले सोने गहाण पडले. वडिलांच्या काळापासून आमच्याकडेच माल घालणारे औसा तालुक्यातले एक पाटील तेव्हा ‘माझ्या पट्टीचं दिवाळीनंतर बघा’ एवढेच म्हणून निघून गेले.

तारले ते नमुन्यांनी. परखी, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई, पोत्याच्या तळापर्यंत घालून वरचा, मधला आणि खालचा दाणा एकत्र करायचा, त्याचे दोन भाग हवाबंद पिशव्यांत सील करायचे आणि त्यांवर विकणारा आणि घेणारा अशा दोघांच्या सह्या घ्यायच्या, ही आमची रीत होती; त्याच पिशव्यांच्या जोरावर कारखान्याला फेरतपासणी मान्य करावी लागली.

कोणी विचारलेले नाही, तरी नव्या खरेदीदारांना सांगतो. मळणीयंत्रातून निघालेला गरम दाणा लगेच मीटरमध्ये टाकू नये. काट्यावर वजनमापे विभागाचा चालू शिक्का असावा. औषध लावलेल्या बियाण्याचा रंगीत दाणा दिसला, तर ती रास घेऊच नये. माल बटईचा, म्हणजे वाट्याने कसलेल्या शेतीचा असेल, तर पैसे कोणाच्या खात्यावर जाणार, हे मालक आणि बटईदार या दोघांकडून लिहून घ्यावे. शेतकऱ्याने दुसऱ्या आडत्याकडून उचल, म्हणजे मालापोटी आगाऊ रक्कम, घेतली आहे का, हेही सौद्याआधी विचारावे. समोरचा तोच व्यापारी एकदा उचलीची वही घेऊन आमच्या गादीवर भांडायला आला होता आणि उचल नसल्याचे शेतकऱ्याने पट्टीवर स्वहस्ते लिहिलेले दाखवल्यावरच उठला.